सारंगखेड्याच्या यात्रेतली जादूची बाटली

मुलांनो, तुमच्या गावची यात्रा कधी भरते? आमच्या नंदुरबार जिल्ह्यात यात्रा म्हटलं की पहिलं नाव निघतं ते सारंगखेड्याचं. शहाद्याहून दोंडाईच्याकडे जाताना तापी नदीच्या काठी हे गाव लागतं. इथे एकमुखी दत्ताचं मंदिर आहे. मार्गशीर्षातल्या दत्तजयंतीला यात्रा सुरू होते आणि पुढे कितीतरी दिवस चालते. ही यात्रा घोड्यांच्या बाजारासाठी साऱ्या देशात प्रसिद्ध आहे. पांढरेशुभ्र, काळेभोर, तांबूस, पाठीवर नक्षीदार खोगीर आणि गळ्यात घुंगरमाळा घातलेले घोडे एका रांगेत उभे असतात. कुणी घोडा नाचवून दाखवतो, कुणी घोड्याचे दात बघून त्याचं वय सांगतो.

मी सातपुड्याच्या पायथ्याशी एका छोट्या शाळेत शिकवते. गेल्या वेळी आमच्या शाळेची पाचवीची मुलं घेऊन मी यात्रेला गेले. एसटीतून उतरल्या उतरल्या मुलांनी विचारलं, "बाई, आधी घोडे की आधी पाळणा?" मी म्हटलं, "आधी दर्शन, मग घोडे, मग पाळणा, आणि शेवटी गोडीशेव." गोडीशेव म्हणजे गुळाच्या पाकातली जाडजूड शेव. खानदेशातली यात्रा गोडीशेवेवाचून पुरी होत नाही, बरं का!

दर्शन झालं. घोडे बघून झाले. आणि पाळण्याकडे जाताना आम्ही औषधांच्या गल्लीत शिरलो.

ही गल्ली तुम्हीही कुठल्या ना कुठल्या यात्रेत पाहिली असेल. जमिनीवर चादर अंथरलेली. तिच्यावर मुळ्या, साली, वाळलेली फळं, काचेच्या बरण्या. एका बाजूला दातांच्या कवळ्या मांडून बसलेला दंतवैद्य. दुसऱ्या बाजूला कान साफ करणारा. कुठे "मूळव्याध तज्ज्ञ", कुठे "सांधेदुखी स्पेशालिस्ट" अशा पाट्या. आणि मधोमध एक जीपगाडी. तिच्या टपावर भोंगा. भोंग्यातून आवाज येत होता:

"आओ भाई, आओ बहन! गुडघे दुखतात? कंबर दुखते? पोट साफ होत नाही? भूक लागत नाही? पोराची उंची वाढत नाही? एक बाटली, सगळ्यांवर इलाज! मोठ्या मोठ्या डॉक्टरांनी हात टेकले, तिथे आमच्या बाटलीनं काम केलं!"

माझ्या पदराला हिसका बसला. वर्गातली एक मुलगी खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, हीच ती बाटली."

माझी मान खाली गेली. का, ते सांगते.

दोन वर्षांपूर्वी ही मुलगी तिसरीत होती. अभ्यासात हुशार, पण सारखी गैरहजर. कधी गुडघे सुजायचे, कधी हातपाय इतके दुखायचे की ती रात्रभर रडायची. डोळे पिवळट दिसायचे. एकदा तिचे वडील शाळेत आले. ते दरवर्षी बारडोलीकडे ऊसतोडीला जातात. म्हणाले, "बाई, काय करू? पोरीचं दुखणं जात नाही." मी शिकलेली, डीएड झालेली बाई. मी काय सांगितलं असेल? मी म्हटलं, "यात्रेत सांधेदुखीचं औषध मिळतं. माझ्या आईला त्यानं बरं वाटलं होतं. आणून बघा." त्यांनी मजुरीचे पैसे मोडून तीन बाटल्या आणि पुड्या आणल्या. दोन-चार दिवस पोरगी उठून खेळू लागली. मलाही वाटलं, बघा, गुण आला! नंतर दुखणं पहिल्यापेक्षा जोरात उलटलं आणि तिचे चार महिने घरात गेले. चौथीचं अर्धं वर्ष बुडालं.

शेवटी गावच्या आशाताईंनी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. रक्त तपासलं. पुढची तपासणी मोठ्या दवाखान्यात झाली. तेव्हा कळलं, की तिला संधिवात नव्हताच. तिला सिकलसेल होता. त्या बाटलीचा आणि तिच्या आजाराचा काडीचाही संबंध नव्हता.

तेव्हापासून मला एका गोष्टीचा छंदच लागला. ही "सगळ्यांवर एकच इलाज" बाटली आली कुठून? तिचे आजे-पणजे कोण? मिळेल ते वाचत गेले. आणि मुलांनो, तिचा माग काढता काढता मी थेट व्हिक्टोरिया राणीच्या लंडनला जाऊन पोचले! चला, तुम्हालाही तिकडे नेते.

व्हिक्टोरिया राणी १८३७ साली गादीवर आली आणि १९०१ साली वारली. तिच्या गादीवर येण्याच्याच वर्षी, १८३७ मध्ये, लंडनमध्ये थॉमस हॉलोवे नावाच्या माणसानं एक मलम विकायला काढलं. दोन वर्षांनी त्यानं गोळ्याही काढल्या. हॉलोवे डॉक्टर नव्हता. पण त्याला एक गोष्ट पक्की कळली होती, ती म्हणजे जाहिरात. औषध विकून आलेला पैसा तो पुन्हा जाहिरातीत घाली. गोळ्या घेण्याच्या सूचना त्यानं जगातल्या अनेक भाषांत छापून घेतल्या. हिंदुस्थानातल्या वर्तमानपत्रांतही त्याच्या गोळ्यांच्या जाहिराती येत. तो इतका श्रीमंत झाला, की त्यानं मुलींसाठी राजवाड्यासारखं एक कॉलेज बांधायला घेतलं. तो १८८३ साली वारला. १८८६ साली खुद्द राणीनं त्या कॉलेजचं उद्घाटन केलं. ते कॉलेज आजही आहे. पैसा चांगल्या कामाला लागला, हे खरं. पण तो आला होता साऱ्या रोगांवर चालणाऱ्या म्हणवल्या जाणाऱ्या गोळ्यांतून!

दुसरा मोठा व्यापारी म्हणजे थॉमस बीचम. हा लहानपणी मेंढ्या राखायचा. पुढे बाजारात उभा राहून गोळ्या विकू लागला, अगदी आपल्या यात्रेतल्या माणसासारखा. त्याच्या डबीवर लिहिलेलं असे, की या डबीची खरी किंमत एक गिनी आहे. एक गिनी म्हणजे २१ शिलिंग. आणि डबी मिळायची १ शिलिंग दीड पेनीला. गिऱ्हाइकाला वाटे, वा, केवढा फायदा!

आता त्या डबीचं गुपित ऐका. १९०९ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांच्या संघटनेनं अशा गुप्त औषधांची प्रयोगशाळेत तपासणी करून घेतली आणि एक पुस्तकच छापलं. कुठल्या औषधात काय निघालं आणि त्याचा खर्च किती, हे सगळं त्यात दिलं. बीचमच्या गोळीत काय निघालं असेल? काळाबोळ, सुंठ आणि साबण! काळाबोळ म्हणजे कोरफडीचा वाळवलेला रस. आपल्या घरी आजीच्या डब्यात असतो तोच. त्यानं पोट साफ होतं, एवढंच. ५६ गोळ्यांच्या डबीतल्या मालाची किंमत होती जेमतेम अर्धा फार्दिंग.

चला, एक गणित करू. १२ पेनींचा एक शिलिंग, ४ फार्दिंगांचा एक पेनी. म्हणजे एका शिलिंगाचे फार्दिंग ४८ आणि अर्धे फार्दिंग ९६. आलं ना लक्षात? अर्ध्या फार्दिंगाचा माल ९६ पट किमतीला! आणि वरचा दीड पेनी? त्याचीच तर खरी गंमत आहे.

तो दीड पेनी होता सरकारी कर. इंग्लंडमध्ये १७८३ सालापासून अशा औषधांवर कर होता. कर भरला की डबीवर सरकारी तिकीट चिकटवत. ते तिकीट म्हणजे फक्त कराची पावती. औषध चांगलं की वाईट, याच्याशी सरकारचा काहीच संबंध नव्हता. पण लोकांना वाटे, सरकारी तिकीट आहे म्हणजे औषध खात्रीचंच असणार! विक्रेतेही लोकांचा हा समज मुद्दाम दूर करत नसत. हा कर पुढे १९४१ साली बंद झाला.

यात्रेतल्या त्या जीपवरही मोठ्या अक्षरांत "सरकारमान्य" लिहिलेलं होतं. कुणी मान्य केलं, कधी केलं, कशासाठी केलं, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं.

आणखी एक शब्द बघा. या औषधांना "पेटंट औषधं" म्हणत. आपल्याला वाटतं, पेटंट म्हणजे काहीतरी पक्कं, नावाजलेलं. पण खऱ्या पेटंटचा नियम उलटाच आहे. पेटंट हवं असेल तर आपला शोध नेमका काय आहे, तो कसा करायचा, हे कागदावर उघडपणे लिहून द्यावं लागतं. त्याच्या बदल्यात सरकार ठरावीक वर्षं म्हणतं, "हे दुसऱ्या कुणी करायचं नाही." आता हे विक्रेते आपली कृती उघड कशी करणार? काळाबोळ आणि साबण लिहिलं असतं तर गिनीची डबी कुणी घेतली असती? म्हणून बहुतेक "पेटंट" औषधांनी पेटंट कधी घेतलंच नव्हतं. नाव पेटंटचं, आणि सगळा धंदा गुपिताचा.

तुम्ही म्हणाल, "बाई, लंडनची बाटली आपल्याकडे आली कशी?" छान प्रश्न. ती तीन पायांनी आली. पहिला पाय वर्तमानपत्राचा. दुसरा आगगाडीचा. तिसरा टपालाचा. १८७७ साली आपल्या देशात व्ही. पी. टपाल सुरू झालं. म्हणजे आधी पत्र टाकायचं, पार्सल घरी आलं की पोस्टमनच्या हातात पैसे द्यायचे. पुढे १९०० च्या सुमारास तापी खोऱ्यातली रेल्वे सुरू झाली आणि सुरतेकडून नंदुरबारपर्यंत गाडी धावू लागली. मग काय, लंडनच्या आणि मुंबईच्या बाटल्यांना खानदेशाचा रस्ता मोकळा झाला.

आणि लोकांनी त्या घेतल्या, यात लोकांना हसण्यासारखं काही नाही बरं. त्या वेळी आपला जिल्हा वेगळा नव्हता. आधी सगळा एकच खानदेश होता. १९०६ साली त्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले. आपण पश्चिम खानदेशात, मग धुळे जिल्ह्यात होतो. नंदुरबार जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. सातपुड्याच्या आणि नवापूरच्या जंगलपट्टीत हिवतापानं माणसं हैराण होत. दवाखाना कितीतरी कोसांवर. आणि डॉक्टरांना तरी सगळं कुठे ठाऊक होतं? रोग जंतूंमुळे होतात हे तेव्हा नुकतं नुकतं कळत होतं. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली दाखवला. हिवताप डासामुळे पसरतो, याचा पुरावा रोनाल्ड रॉस यांना सिकंदराबादला सापडला, तो २० ऑगस्ट १८९७ रोजी. त्याच्या आधी कुणी म्हणे दूषित हवेनं ताप येतो, कुणी म्हणे रक्त बिघडल्यानं येतो. जाणत्यांनाच नक्की ठाऊक नसेल तिथे "मला सगळं ठाऊक आहे" म्हणणाऱ्याची चलती होते.

तज्ज्ञ डॉक्टर ही कल्पनासुद्धा तेव्हा नवी होती. आज आपण डोळ्यांचे डॉक्टर, कानांचे डॉक्टर, मुलांचे डॉक्टर असे वेगवेगळे ओळखतो. लंडनमध्ये फक्त मुलांसाठी पहिलं रुग्णालय निघालं १८५२ साली, ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट या रस्त्यावर. सुरुवातीला खाटा किती? अवघ्या दहा! एकाच अवयवाचा, एकाच रोगाचा अभ्यास करणाऱ्या डॉक्टरांकडे बाकीचे डॉक्टर आधी संशयानंच बघत. कारण खऱ्या तज्ज्ञांच्या शेजारीच खोट्या तज्ज्ञांचीही दुकानं होती. कुणी विजेचा पट्टा विकायचा. कमरेला बांधा आणि सगळी दुखणी घालवा! आपल्या यात्रेत लोहचुंबकाची कडी विकतात, तसंच ते.

पण काळाबोळ आणि साबण परवडला, अशीही औषधं होती. जॉन कॉलिस ब्राउन हे ब्रिटिश सैन्यातले डॉक्टर हिंदुस्थानात होते. पटकीच्या रोग्यांसाठी त्यांनी "क्लोरोडाइन" नावाचं औषध बनवलं. ते घेतलं की दुखणं थांबायचं, जुलाबही थांबायचे. खरंच थांबायचे! कारण त्यात अफूचा अर्क, गांजाचा अर्क आणि क्लोरोफॉर्म होता. दुखणं झोपी जायचं, रोग मात्र जागाच. आणि कितीतरी लोकांना त्या बाटलीचं व्यसन लागलं. अमेरिकेत १८४९ पासून "मिसेस विन्स्लो यांचं सूदिंग सिरप" मिळू लागलं. दात येताना रडणाऱ्या बाळांसाठी गोड औषध. बाटलीवर आईच्या मांडीवर शांत झोपलेल्या बाळाचं चित्र. आणि आत काय? मॉर्फिन! म्हणजे अफूपासून काढलेलं द्रव्य. काही बाळं झोपली ती पुन्हा उठलीच नाहीत.

हे वाचताना मला माझ्या आजीची आठवण झाली. आजी सांगायची, "आमच्या वेळी बाळगोळी दिली की पोर दुपारभर गाढ झोपायचं, आणि आम्ही शेतात जायचो." मला तेव्हा त्याचं हसू यायचं. पण बाळगोळीत अफू असायची. १९२० नंतरच्या काळात मुंबईतल्या गिरणीकामगार बायकांची सरकारतर्फे पाहणी झाली, तेव्हा बहुतेकींच्या तान्ह्या बाळांना अफू दिली जाते असं दिसून आलं. त्या आया वाईट नव्हत्या. गिरणीत बाळ नेता येत नसे आणि घरी सांभाळायला कुणी नसे. गोळीत काय आहे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आता एका मोठ्या माणसाची गोष्ट सांगते, म्हणजे तुम्हाला गुपिताची दुसरी बाजू कळेल. मुंबईत भायखळ्याला राणीच्या बागेत एक सुंदर वस्तुसंग्रहालय आहे. त्याला डॉ. भाऊ दाजी लाड यांचं नाव आहे. भाऊ दाजी मूळचे गोव्याचे. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ साली निघालं. तिथून १८५१ साली जी पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी होते. गरिबांना ते फुकट औषध देत. मुलींच्या शाळांना त्यांनी मदत केली. जुन्या शिलालेखांचा अभ्यास केला. दोनदा ते मुंबईचे शेरीफ झाले. असे हे भाऊ दाजी कुष्ठरोगावर एक औषध देत आणि त्याचा बराच बोलबाला झाला होता. पण त्यात नेमकं काय आहे, हे ते सांगत नसत. त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. १८७४ साली ते वारले. त्यांच्या औषधात कडू कवठाच्या बियांचं तेल होतं, हे पुढे कळलं.

याच जातीच्या दुसऱ्या एका झाडाचं तेल म्हणजे चौलमुग्रा तेल. ते इतकं चिकट आणि कडू, की पोटात घेतलं तर उलटी व्हायची, आणि सुईनं टोचलं तर गाठी यायच्या. १९१५-१६ च्या सुमारास हवाई बेटांवर ॲलिस बॉल नावाच्या तेवीस वर्षांच्या तरुण रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ते तेल अंगात नीट मिसळेल असं रूप शोधून काढलं. त्या स्वतः चोविसाव्या वर्षीच वारल्या, पण त्यांची पद्धत पुढच्या लोकांनी वापरली. १९४० नंतर त्याहून चांगली औषधं निघाली. आज तर कुष्ठरोगाची औषधं सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि रोगी पूर्ण बरा होतो.

यातून मला काय उमगलं सांगू? भाऊ दाजींसारखा सज्जन, विद्वान डॉक्टर असला तरी गुपित ठेवलं की औषध त्याच्याबरोबरच थांबतं. आणि कृती उघड झाली की दुसरा तपासतो, तिसरा सुधारतो, चौथा त्याहून चांगलं शोधतो. औषध पुढे जातं ते असं, हातोहात.

हळूहळू कायदेही झाले. अमेरिकेत १९०६ च्या कायद्यानं अफू, मॉर्फिन यांसारखी द्रव्यं बाटलीवर लिहिणं भाग पडलं. आपल्या देशात १९४० साली औषधांचा कायदा झाला. १९५४ साली आणखी एक कायदा आला, तो जादूच्या उपायांविरुद्धचा. कर्करोग, मधुमेह, मोतीबिंदू, फिट्स अशा कितीतरी आजारांवर "आमच्याकडे खात्रीचा इलाज" अशी जाहिरात करायला या कायद्यानं बंदी आहे. आणि मुलांनो, त्या यादीत उंची वाढवण्याच्या जाहिरातीही आहेत, बरं का! म्हणजे यात्रेतल्या भोंग्यातून जे ओरडलं जात होतं, त्यातलं काही तर कायद्याविरुद्धच होतं.

आता परत सारंगखेड्याला येऊ.

आम्ही जीपसमोर उभेच होतो. मी एक बाटली हातात घेतली आणि त्या मुलीला दिली. म्हटलं, "वाच." तिनं वाचलं. नाव वाचलं. "१०१ जडीबुटी" वाचलं. "सरकारमान्य" वाचलं. मग बाटली फिरवली. मागच्या बाजूला सिंहाचं चित्र होतं. तिनं त्या माणसाला विचारलं, "काका, यात काय काय आहे?"

तो हसला. "बेटा, ते गुप्त आहे. आजोबांनी आम्हाला दिलंय."

"मग कोणत्या आजारावर आहे?"

"सगळ्याच!"

"आणि बरं नाही वाटलं तर तुम्ही कुठे भेटता?"

आता मात्र तो हसला नाही. म्हणाला, "मॅडम, गिऱ्हाइकांचा टाइम आहे, पोरांना पुढे घ्या." आम्ही पुढे गेलो. मागे भोंगा पुन्हा सुरू झाला, आणि गर्दीही तशीच होती. एका पोरीच्या तीन प्रश्नांनी यात्रेतली गल्ली बंद होत नाही.

मी त्या माणसाला शत्रू मानत नाही. त्याचंही पोट आहे. पण त्याच्या पुड्यांनी दोन-चार दिवस बरं का वाटलं होतं, हे मला नंतर एका डॉक्टरांनी समजावलं. सांधेदुखीच्या अशा गुप्त पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं अनेकदा सापडलेलं आहे. स्टिरॉइड हे खरं औषध आहे. डॉक्टर ते मोजूनमापून देतात. पण न सांगता, न मोजता दिलं तर दुखणं दबतं, तोंड सुजतं, साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात. म्हणजे क्लोरोडाइनचीच गोष्ट, फक्त नाव बदललेलं.

आणि सिकलसेल म्हणजे काय, तेही सांगते. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी गोल आणि लवचीक असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि ताठ होतात. बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. तिथे रक्त पोचत नाही आणि भयंकर दुखतं. हा आजार आईवडिलांकडून जन्मापासून येतो. तो कुणाच्या शापानं येत नाही, स्पर्शानंही पसरत नाही. आपल्या सातपुड्यातल्या भिल्ल, पावरा, गावित, मावची समाजांत तो बऱ्याच जणांत आढळतो. रक्ताच्या साध्या तपासणीनं त्याचा पत्ता लागतो. १ जुलै २०२३ पासून तर सिकलसेल निर्मूलनासाठी देशभर मोहीम सुरू झाली आहे. तो सहजासहजी मुळापासून जात नाही, पण गोळ्या वेळेवर घेतल्या, पाणी भरपूर प्यायलं, फार थंडी-उन्हात राहिलं नाही, तर मुलं शाळेत येतात, शिकतात, मोठी होतात.

माझ्या त्या मुलीच्या दप्तरात आता पाण्याची मोठी बाटली असते. वर्गात केव्हाही पाणी प्यायची तिला परवानगी आहे. अजूनही मधून मधून दुखतं. पण दुखलं की काय करायचं, हे आता तिच्या घरच्यांना ठाऊक आहे.

परत येताना एसटीत तिनं विचारलं, "बाई, माझे आजोबा जंगलातला पाला आणतात. तेही खोटंच का?" मी म्हटलं, "नाही गं. तुझे आजोबा झाड दाखवतात, पान दाखवतात, कशावर देतात ते सांगतात. ते काही लपवत नाहीत. खोकल्याला अडुळसा, पोटाला सुंठ, हे ज्ञान मोलाचं आहे. कुनैनसुद्धा एका झाडाच्या सालीतूनच निघालं. पण आजोबांनाही सांग, की दोन दिवसांत उतरलं नाही तर दवाखाना." ती म्हणाली, "ते ऐकतील. आता मी सांगते ते ते ऐकतात."

तर मुलांनो, पुढच्या यात्रेत किंवा आठवडे बाजारात तुम्हीही औषधांच्या गल्लीत जरूर जा. मुळ्या बघा, वास घ्या, झाडांची नावं विचारा. मात्र कुणी बाटली पुढे केली तर तीन प्रश्न विसरू नका. यात काय आहे आणि किती आहे? नेमकं कोणत्या आजारावर आहे? आणि गुण नाही आला तर तुम्हाला कुठे शोधायचं? ज्याच्याजवळ या तिन्हींची सरळ उत्तरं नाहीत, त्याची बाटली तिथेच ठेवून द्या.

आणि आईबाबांनो, तुम्हाला एकच विनंती. मी शिक्षिका असूनही चुकले. सल्ला द्यायचा मोह आपल्या सगळ्यांनाच होतो. "आमच्या आईला बरं वाटलं" हे वाक्य खरं असलं, तरी ते दुसऱ्याच्या लेकराचं औषध होत नाही. मी तिच्या वडिलांकडे जाऊन माझी चूक कबूल केली. ते म्हणाले, "जाऊ द्या बाई, तुम्ही बी चांगल्यासाठीच सांगितलं." ते ऐकून मला जास्तच वाईट वाटलं.

हो, आणि गोडीशेव? ती आम्ही घेतली की! दोन किलो. शहादा यायच्या आतच संपली. आणि तिच्यात काय काय होतं, हे हलवाईकाकांनी विचारायच्या आधीच सांगितलं होतं: बेसन, तेल आणि गूळ.